इचारून घेतलं का?

आमच्या साडभाऊंइतका आदर्श भाडेकरू अख्ख्या वऱ्हाडात झाला नाही आणि पुढे होणारही नाही. म्हणूनच नोकरीतून मोकळे झाल्यावर त्यांनी अमरावतीत स्वतःचं घर घेतलं, तेव्हा मला खरं सांगायचं तर वाईटच वाटलं. एवढ्या वर्षांची साधना, एका खरेदीखतानं मातीत! बदलीची नोकरी, त्यामुळे अकोला, चांदूर रेल्वे, धामणगाव करत त्यांनी नऊ भाड्याची घरं पाहिली आणि नऊच्या नऊ घरमालक निरोप देताना हळहळले. भिंतीला खिळा नाही, नळ मोठा सोडणं नाही, पाहुणा दोन रात्रींच्या वर नाही. आणि घरात कोणी काहीही करायला निघालं की यांचा एकच प्रश्न, "इचारून घेतलं का?"

आता या नव्या घरात विचारायचं कोणाला? वास्तुपूजनाच्या दिवशी गुरुजी म्हणाले, "घराचे मालक पुढे या." तर हे बाजूला सरकले आणि वाट करून देऊन दाराकडे पाहत उभे राहिले! धामणगावला खालच्या मजल्यावरचे मालक दुपारी झोपायचे, म्हणून यांना दुपारी चवड्यांवर चालायची सवय. नवं घर तळमजल्याचं, फरशीखाली थेट काळी माती, तरी एक ते चार हे चवड्यांवरच. मी म्हटलं, "भाऊ, खाली कोनी झोपलं नाई ना!" तर म्हणाले, "तसं नाई बापू, सवय सुटली का मानूस बिघडते." खिळा ठोकायचा नाही म्हणून घड्याळ फ्रिजवर, आणि फ्रिज सुरू झाला की घरातली वेळ थरथरते. कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेलं. वारा सुटला की चैत्रानंतर एकदम कार्तिक. लग्नाचा फोटो जमिनीवर भिंतीला टेकवलेला, त्यामुळे नवरानवरी दोघंही आल्यागेल्याच्या गुडघ्यांकडे टक लावून बसलेली. सामानाची रिकामी खोकी घडी घालून सज्ज्यावर, वर शाईनं लिहिलेलं, 'पुढच्या वेळी'. अहो, निवृत्त माणसाची कसली आली पुढची वेळ? पण विचारलं की म्हणणार, "असू द्या, खाऊन राह्यले का ते?"

शेवटी चूक माझीच झाली. बाईच्या नावावर खरेदी केली की थोडी सवलत मिळते, म्हणून घर ताईंच्या, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीच्या नावावर आहे. मी आपला गमतीनं म्हणालो, "मालकीन ताई हायेत, त्याहिले इचारा." झालं! त्या दिवसापासून हे ताईंना विचारू लागले. मोटर लावू का, पंखा पाचवर करू का, गच्चीवर चादर वाळू घालू का. चार दिवसांत ताई वैतागल्या आणि म्हणाल्या, "मालकीन हाय ना मी? मंग ऐका. ह्या पिप्यातलं झाड जमिनीत लावा."

त्या पिप्याची गोष्ट सांगायला हवी. अकोल्याच्या पहिल्या घरी ताईंनी अंगणात गोडलिंब लावला होता, आपण फोडणीत टाकतो तो. विचारून लावला होता. बदली झाली तोवर झाड छपराला टेकलेलं. निघताना ताई मूठभर पानं तोडायला गेल्या, तर घरमालकीण म्हणाली, "राहू दे बाई, झाड आता घराचं झालं." ताई ट्रकमध्ये चांदूरपर्यंत रडल्या. बुडाशी फुटलेलं एक पिलू तेवढं साडभाऊंनी आदल्या दिवशीच, अर्थात विचारून, तेलाच्या पिप्यात उचलून ठेवलं होतं. ते पुढची आठही घरं फिरलं. पिपे गंजले, बदलले, झाड तेच. आणि दर बदलीला साडभाऊ पिपा मांडीवर घेऊन बसायचे.

आता कंपाउंडच्या भिंतीशी चांगली चार हात काळी माती, पिपा तिथेच ठेवलेला, आणि खड्डा काही खणला जाईना. "पाहू ना, घाई काय हाय?" उन्हाळा गेला, पावसाळा गेला. ताईंनी बोलणंच सोडलं, आणि ते मला बघवेना. एक दिवस मी भडकलोच. "घर तुमचं, माती तुमची, झाड तुमचं! काहून अडून राह्यले भाऊ?"

ते हसले नाहीत. हळूच म्हणाले, "एकदा जमिनीत गेलं का मंग उचलता येत नाई, बापू. चांदूरवरी ट्रकमदे इच्या बाजूले मी होतो. तुमी नव्हते."

दिवाळीच्या साफसफाईला मी गेलो होतो. ताई झाडू घेऊन म्हणाल्या, "तो पिपा जरा सरकवा." साडभाऊ वाकले, नेहमीसारखा दोन्ही हातांनी पिपा धरला आणि उचलायला गेले. हलेना. मी हात लावला, तरी हलेना. जोर केला तर गंजलेला पत्रा तेवढा फाटून हातात आला. पिप्याला बूडच उरलं नव्हतं. बोटाएवढी मुळं सरळ जमिनीत उतरली होती. साडभाऊ गुडघ्यांवर बसले आणि बोटांनी माती उकरून पाहत राहिले. ताईंनी पदर तोंडाला लावला.

"पाह्य वं," ते ताईंना म्हणाले, "यानं तं इचारलंबी नाई."

दुपारचे दोन वाजले असतील. ते उठून आत गेले आणि त्यांच्या टाचांचा आवाज मला अंगणात ऐकू आला. आत बरीच शोधाशोध झाली. मग दारात येऊन, लग्नाचा फोटो काखेत धरून त्यांनी विचारलं, "बापू, तुमच्या घरी हातोडी हाय का?" नऊ घरं फिरलेल्या त्या संसारात हातोडी कधी आलीच नव्हती. मी गाडी काढून घेऊन आलो. उसनी वाटीसुद्धा संध्याकाळच्या आत परत करणारा हा माणूस. पण ती हातोडी त्यांनी अजून परत केलेली नाही, आणि देव करो, करूही नये.