लेकरू जिथं राहतं, तिथलं कोर्ट

महालक्ष्म्यांच्या सणाला नेतो आणि परत आणून सोडतो, असं सांगून मी लेकीला वारंगळहून हर्सूलला आणलं. चार वर्षांची होती. बायकोचं आणि माझं पटत नव्हतं म्हणून ती माहेरी राहायची. तरी तिनं देवीसाठी बांगड्या दिल्या. सण झाला. पोर मी परत नेलीच नाही.

घरात कुणाला शरम वाटली नाही. महालक्ष्म्यांशेजारी त्यांची बाळं मांडायची राहिली असती, तर माझ्या आईनं पंगत उठवली असती. सुनेच्या बाळाबद्दल मात्र म्हणाली, "लेकरू आपलं हाय. लई रडंल, मग गप बसंल." कोण रडंल, ते मी विचारलं नाही.

वकील आमच्याही वरचढ. "पाच वर्षांखालचं लेकरू बहुतेक आईलाच देतात," तो चहा फुंकत म्हणाला. "मग होऊ द्या की पाच पूर्ण. आधी शाळेत नाव घाला. लेकरू जिथं राहतं, तिथलं कोर्ट. त्या तिकडं भांडतील, आपण इकडं."

तिकडच्या कोर्टानं बोलावलं, आम्ही कळवलं, मुलगी इथं राहते. मग बायको इथं आली, तर कधी आमचा वकील आजारी, कधी साहेब रजेवर. दोन राज्यांची दोन कोर्टं 'आधी तुम्ही' म्हणत बसली, आणि ही बाई एवढा प्रवास करून नुसती पुढची तारीख घेऊन जायची. एकदा तिला पोरीची भेट मिळाली, तर मीच अर्ज दिला: तेलुगूत बोलू देऊ नये, पोरीला पढवील. लगेच मंजूर! तेवढ्या एका गोष्टीला त्या कोर्टात उशीर झाला नाही.

अडीच-तीन वर्षांनी निकाल लागला. मुलगी इथं रुळली आहे, तिला हलवणं हिताचं नाही. म्हणजे उशीर यांनीच करायचा आणि त्यालाच पोरीचं हित म्हणायचं. लेकरू पळवून नेणाऱ्यानं फक्त दम धरावा, बाकीचं न्याय बघून घेतो. आज नाक मुरडतोय. तेव्हा पेढे मीच वाटले होते.

बाहेर व्हरांड्यात बायको लेकीसमोर उकिडवी बसली. आता तिला कोण अडवणार होतं? तेलुगूत एवढंच विचारलं, भूक लागलीय का.

पोरीनं माझा शर्ट ओढला. "बाबा, या काय म्हणतात?"

मला कळलं होतं. संसारापुरती तेलुगू मला येत होती.

"काही नाही," मी म्हणालो. "चल."