मुगातली लांडोर

आधीच माफी मागतो. नववीतून शाळा सोडली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकेल आणि शब्दही साधेच असतील. आमच्या मोरांच्या अभयारण्याच्या चौकीवर चहा उकळेपर्यंत एक किस्सा होतो, आणि चहा सारखाच उकळत असतो. त्यातले थोडे सांगतो.

*

रविवारी बीडहून एक फॅमिली आली. गळ्यात कॅमेरा घातलेल्या साहेबांनी विचारलं, "मोर नक्की कुठं दिसतील?"

आमचे तात्या जुने वॉचमन. त्यांनी हद्दीबाहेरच्या शेतांकडं बोट केलं. "तिकडं."

"मग अभयारण्यात काय आहे?"

"आत झोपायला येतेत."

*

वनरक्षक मॅडमनी एकदा मोबाइलवर पेंग्विनचा व्हिडिओ दाखवला. म्हणाल्या, "यांची अंडी घालायची जागा राखीव आहे. पण खाणं लांब समुद्रात, आणि तिथं मासेमारीच्या बोटी. मग जागा राखूनही पिल्लं उपाशी राहू शकतात."

तात्या म्हणाले, "म्हंजी घर सरकारी, आन् भाकर दुसऱ्याच्या शिवारात. आपल्या मोरावानीच हाय की."

मी लाजत विचारलं, "मॅडम, तिथं वॉचमन असतो का?"

"तिथं वस्तीच नाही रे."

तात्यांना काळजी पडली. "मग पगार कोण उचलतंय?"

*

कौसाकाकूंचं शेत आमच्या हद्दीला लागून. त्या चौकीकडं येताना दिसल्या की मी पाणी भरायला निघून जातो. त्या दिवशी जमलं नाही.

"तुमचे मोर माझा भुईमूग उकरतेत. बांधून ठिवा."

"काकू, आत आसले की आमचे. भाईर गेले की..." तात्या चहा ढवळायला लागले.

"बोला ना. माझ्या मुगात लांडोर अंड्यावर बसलीय. उद्या तोडणी हाय. ती कुणाची?"

आभाळ भरून आलेलं. मूग भिजला तर शेंगेतच मोड येतात. तोडणी थांबवा म्हणायला कुणाची जीभ रेटेना. पण लांडोर बिचकली तर अंडी टाकून जाईल, असं मॅडमचं म्हणणं.

शेवटी काकूच उठल्या. "तेवढा तुकडा ठिवते उभा. पुढचं तुमी बघा."

दुसऱ्या दिवशी तोडणीच्या बाया त्या तुकड्याजवळ आल्या की गप्प व्हायच्या, पुढं गेल्या की अर्धं राहिलेलं बोलणं पुन्हा सुरू.

*

त्याच दुपारी लांडोर चरायला उठली. कुत्र्यांची भीती होती, म्हणून तात्यांनी आणि मी बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. वरूनही फांद्या टाकल्या. काम इतकं पक्कं झालं की मॅडमनी फोटो काढला.

दिवस कलताना लांडोर आली. कुंपणाला एक चक्कर मारली. दुसरी मारली. मग लांब जाऊन उभी राहिली.

काकू बांधावरनं बघत होत्या. "आरं, अंडे राखले आन् आईला भाईर काढलं व्हय?"

आम्ही घाईघाईनं सगळे काटे ओढून काढले. हात रक्ताळले. लांडोर काही जवळ येईना. अंधार पडत आला तसं काकूंनी आम्हालाच तिथून हाकललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर गेलो. काकू आधीच बांधावर काठी घेऊन बसलेल्या. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी ओठावर बोट ठेवलं. मुगाच्या पानांतून लांडोरीचा तुरा तेवढा दिसत होता.

मी चपला काढून हातात घेतल्या, आणि बांधाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो.