विनुता आणि वेबपत्त्याचा मालक

राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत विनुता राहते. लग्नाआधी ती कंप्युटरची नोकरी करत होती. मग मुलगी झाली, सासरे अंथरुणाला खिळले, नोकरी सुटली. सासरे गेल्यावर घरबसल्या पुन्हा शिकून तिनं त्रिचीच्या एका कंपनीत काम मिळवलं. अजून कायम केलेलं नव्हतं. महिनाअखेरीस ठरणार होतं. या वयात दुसरं कोण घेणार, असं ती म्हणे.

तिच्या शेजारी सुताराचं काम चालू आहे, म्हणून दुपारी लॅपटॉप घेऊन ती आमच्याकडं येते. मी देवापुढं वाती वळते, ती टाइप करते. बोलणं थोडंच.

तिच्याकडं एका दवाखान्याच्या वेबसाइटचं काम होतं. रुग्णाच्या फोनवर लिंक जाते. त्यानं पासवर्ड टाकला की सर्व्हर त्याला रिपोर्टच्या पानावर नेतो. त्या पानाचा पत्ता लिंकमध्येच जोडलेला असतो. तो दवाखान्याचाच आहे ना, हे बघणारा कोड विनुतानं लिहिला होता. काम झालं म्हणून सोमवारी कळवलंही. गुरुवारी साइट सुरू व्हायची होती.

मंगळवारी दाराशी एक माणूस आला. सीतारामराव मामांच्या घरून आलों, म्हणाला. इकडं तमिळ मुलखात आमची मराठी घरं थोडी, ओळखीच्या घराचं नाव एवढं पुरतं. माझ्या सासूबाईंनी त्याला झोपाळ्यावर बसवलं, काफी दिली. मग त्याच्या पिशवीतून पाणी शुद्ध करायच्या यंत्राचे कागद निघाले. मी सीतारामरावांना फोन केला. त्यांनी त्याला दारातूनच परतवून लावलं होतं. म्हणजे त्यांच्या घरून आला हे काही खोटं नव्हतं.

तो गेल्यावर विनुतानं सासूबाईंना विचारलं, "मावशी, काफीचा दुसरा टंबळर का नाही दिला त्याला?"

"हसू नको गे. माझ्या जागी तू असतीस तर जेवायला पान वाढलं असतंस."

विनुता हसली, आणि हसता हसता तिनं आपला कोड पुन्हा उघडला.

"अक्का, मीही तेच केलंय," ती म्हणाली. "पत्त्याच्या सुरुवातीला दवाखान्याचं नाव दिसलं की आत."

मग मला कळेल असं सांगितलं. दवाखान्याच्या नावापुढं टिंब देऊन कुणी आपलं नाव जोडलं, तर ती जागा त्या जोडणाऱ्याची होते. मध्ये ॲटचं चिन्ह घातलं तरी तसंच. त्याच्या आधी काहीही लिहा, मालक त्याच्या नंतरचा. तिनं असे पत्ते बनवून घालून पाहिले. तिच्या कोडनं सगळे आत घेतले. रुग्ण परक्याच्या दारात जाऊन उभा राहिला असता, आणि तिथं पुन्हा पासवर्ड मागितला तर त्यानं दिलाही असता.

हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. पण सोपवलेला कोड बदलायचा तर वर सांगावं लागणार होतं. वरचा अधिकारी कार्तिकेय, तिच्याहून लहान. तिनं पदर खोचला आणि फोन लावला. दोघं तमिळमध्ये बोलले. हे सोमवारी का दिसलं नाही, असं त्यानं विचारलं. दिसलं नाही, एवढंच ती म्हणाली.

बुधवारी तिनं पुन्हा लिहिलं. पत्त्याची अक्षरं आपण कापत बसायची नाहीत. पत्ता उलगडायचं तयार साधन असतं, त्याच्याकडून मालकाचं नाव काढून घ्यायचं आणि ते आपल्या यादीतल्या नावाशी पूर्ण जुळलं तरच सोडायचं. आणि जे तपासलं तेच पुढं पाठवायचं, आलेला मूळ मजकूर नाही. नाही जुळलं तर रुग्णाला साइटच्या मुखपृष्ठावर न्यायचं.

गुरुवारी साइट सुरू झाली नाही. नवा कोड तपासून पुढच्या आठवड्यात झाली.

महिनाअखेरीस मी सकाळी देवीला तिच्यासाठी कुंकुम वाहिलं होतं. दुपारी ती आली, काफी घेतली.

"कायम नाही केलं. आणखी तीन महिने बघतो म्हणाले."

मी तिच्या टंबळरात आणखी थोडी काफी ओतली.

"जुन्या सगळ्या साइटींत पत्ते कसे तपासलेत ते बघायला मलाच दिलंय मात्र," ती म्हणाली, आणि लॅपटॉप उघडला.