कुपीतले खडे

हथखोजच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या चहाटपरीवर भेटणारे ते गृहस्थ रिकामा ग्लास चमच्याने आतून घासत बसायचे. नाव मी कधी विचारलं नाही. रंगाच्या कारखान्यात येण्याआधी नऊ वर्षं ते नागपूरच्या प्रयोगशाळेत झाडाच्या सालीतलं एक द्रव्य साध्या रसायनांपासून बनवत होते.

"वीस पायऱ्या जी. दर पायरीले शंभरातले ऐंशीच उरते."

मी हिशेब केला. शंभर ग्रॅमचा शेवटी सव्वा ग्रॅमही नाही. तेवढंही घट्ट न होता चिकट पाकासारखंच राहिलं, असं ते म्हणाले. भांड्याची काच आतून घासली की अशा पाकात कधी कधी स्फटिकाचे खडे जमतात, म्हणून ही सवय.

एका जानेवारीत त्यांनी खिशातून प्रयोगशाळेतून येताना आणलेली त्या पाकाची कुपी काढली. तळाशी सुयांसारखे पांढरे खडे होते.

"सहा वर्षांनी आपोआप जमले!"

"नागपूरले कळवलं का?"

"तिथं आता मले कोण ओळखते? तुमालेच सांगून राहिलो."

मी दोन चहा सांगितले. त्या दिवशी त्यांनी ग्लास घासला नाही.