प्राचार्यांची स्कूटर आणि माझे अणू

वर्गातल्या पोरांची तोंडं फळ्याकडे वळवणं ज्या बाईला जमत नव्हतं, तिने काचेच्या कुपीतल्या रुबिडियम धातूच्या अणूंना एका दिशेला वळवायचं, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. अणू म्हणजे इवलेसे भोवरे, अक्ष वाटेल तिकडे वळलेले. त्यांच्यावर एका बाजूने पीळ दिलेला लेझरचा प्रकाश पाडला की सगळे मुकाट एका दिशेला वळतात, प्रकाश गिळायचं सोडतात आणि पलीकडच्या मीटरचा काटा वर चढतो.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. लेझर मुंबईच्या माझ्या मार्गदर्शकांचा, उसना आणलेला. "शनिवारी येतो. काटा टिकला नाही तर लेझर परत नेणार," असं त्यांनी बजावलं होतं. लेझर गेला की पीएच.डी. गेली. नाशिकमध्ये दुसरा कुठून पैदा करणार?

काटा सकाळी झकास चढायचा आणि कॉलेज भरलं की मान टाकायचा. मी विजेला शिव्या घातल्या, उकाड्याला घातल्या. मग एकदा प्राचार्य नाशिक रोडला मीटिंगला गेले आणि काटा दिवसभर वरच. बाहेर बघते तर प्रयोगशाळेच्या खिडकीखालची सावलीची जागा रिकामी! एरवी तिथे त्यांची स्कूटर असायची. एवढं लोखंड जवळ आलं की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि माझे अणू बिथरतात.

स्कूटर दुसरीकडे लावा, अशी मी विनंती केली. प्राचार्य मूळचे इतिहासाचे. म्हणाले, "मॅडम, दहा किक मारल्या तरी ती स्वतः हलत नाही, तुमचे अणू काय हलवणार?" खरं कारण म्हणजे उन्हात सीट तापायची.

शनिवारी मार्गदर्शक आले. काटा खाली. त्यांनी लेझरचं रिकामं खोकं पुढे ओढलं. मी बाहेर धावले आणि स्कूटरचं हँडल धरून ओढायला लागले. प्राचार्य पळत आले.

"मॅडम, हे शोभतं का?"

"नाही शोभत! किल्ली द्या!" मी किंचाळले.

ते इतके दचकले की त्यांनीच कुलूप काढून स्कूटर फाटकाकडे ढकलली. मी आत पोचते तोच मार्गदर्शक ओरडले, "चढला!" प्राचार्य थबकले. स्कूटर परत भिंतीशी आणली. "पडला!" पुन्हा लांब नेली. "चढला!"

"लेझर राहू द्या तुमच्याकडे," मार्गदर्शक म्हणाले. इतके दिवस दाबून धरलेलं सगळं एकदम वर आलं. मी स्टुलावर बसून हमसाहमशी रडले.

खिडकीबाहेरून घामाघूम प्राचार्य विचारत होते, "काय झालं मॅडम? पडला का परत? अजून लांब नेऊ?"