ओझं हातात असताना

कंबर धरली किंवा मान आखडली तर त्यात चूक दुखणाऱ्याचीच असते, असं छातीठोकपणे सांगणारा सबंध वर्धा जिल्ह्यात एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. ते माझे मोठे साडभाऊ, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोत त्यांनी उभा जन्म पेट्या उचलण्यात घालवला. तिथली शिस्त ते निवृत्त होताना घरी घेऊन आले. कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यातून बसायचं. ओझं छातीशी धरायचं. वळायचं असेल तर पाय वळवायचे, अंग नाही. एकानं 'बैठो, पकडो, उठो' म्हणायचं आणि तोवर कोणी बोटही हलवायचं नाही. शेवटचा नियम सर्वात कडक. ओझं हातात असलं का तोंड बंद. पुतणीच्या लग्नात चार जवान पोरं सोफा नेत होती, त्यातला एक कशाला तरी हसला, तर यांनी भर मांडवात सोफा खाली ठेवायला लावला आणि पोरांचं हसू पूर्ण संपेपर्यंत उचलू दिला नाही. नवरदेव तेवढा वेळ उभा होता.

दिवाळी जवळ आली की यांच्या अंगात यायचं. एरवी वर्षभर खुर्चीवर बसून पेपर वाचणारी माणसं दिवाळीच्या आठवड्यात गव्हाच्या कोठ्या सरकवतात, माळ्यावरची पितळी भांडी काढतात, गाद्या गच्चीवर नेतात आणि लक्ष्मीपूजनाला पाटावर बसता येत नाही म्हणून रडतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून वसुबारसेच्या आधीच ते नातेवाइकांच्या घरोघर फिरायचे. छताची जळमटं काढणाऱ्याला वीस आकडे मोजेपर्यंतच मान वर करायची परवानगी असे. मग मान खाली, पाणी प्या, पुन्हा वीस. चकल्या करायला बसलेल्या बायकांना ते दर अर्ध्या तासानं ताटली वाजवून उठवत आणि फाटकापर्यंत चालवून आणत. त्यात तळण जळायचं. थोरल्या मेहुणीबाई म्हणायच्या, "यांची कंबर चांगली राह्यली, पण माह्या एकाही घाण्याचा रंग चांगला नाई राह्यला." एकदा तर पुलगावच्या स्टँडवर गाडी लागलेली असताना यांनी माझ्या हातातली फराळाची पिशवी हिसकावली, खाली उकिडवं बसून सोडली आणि अर्धे अनारसे दुसऱ्या पिशवीत भरले. एका हातात जड पिशवी घेतली की माणूस एका अंगानं झुकतो म्हणे. कंडक्टर दोरी धरून बघत राहिला. दोन्ही पिशव्या हातात तोलून बघितल्यावर यांनी एक करंजी इकडची तिकडे केली आणि मगच मला चढू दिलं.

आता माझं सांगतो. मी सायकलवर भांडी लादून अल्लीपूर आणि समुद्रपूरचे बाजार केलेले आहेत. मागे हंडे, पुढे पराती, आणि गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना सायकल एका हातानं पेललेली. त्यातून हिंगणघाटला दुकान उभं केलं. मला कोणी उचलायला शिकवावं, हे मला आजही सहन होत नाही. पाच वर्षांपूर्वी लेकीचा पहिला दिवाळसण होता. जावई पहिल्यांदा राहायला येणार, म्हणून त्यांच्या खोलीसाठी मी लोखंडी अलमारी घेतली. दुकानदाराला घासून घासून शेवटी घरपोच कबूल करून घेतलं. टेम्पोवाल्यानं ती फाटकाशी उतरवली आणि सांगितलं की घरपोच म्हणजे फाटकापर्यंत, आत नेण्याचं बोलणं झालेलं नाही. माझं डोकं फिरलं. साडभाऊ ओसरीवर उभे होते. मी म्हटलं, धरा एक टोक, दाखवून देऊ याला. त्यांनी हात पाठीमागे बांधले. आधी खण काढ, वाटेतल्या कुंड्या सरकव, चार माणसं बोलाव, आणि मुख्य म्हणजे आधी याच्याशी काय भांडायचं ते भांडून घे, असं ते शांतपणे सांगू लागले. "तुह्या डोक्यात एवढा राग आहे, त्यात ही अलमारी कुठं उचलून राह्यला गा?" माझ्या सासरची सगळी मंडळी अंगणात. मी शेजाऱ्याला हाक मारली आणि अलमारी उचलली.

उचलली बरं का. पायरीपर्यंत व्यवस्थित नेली. तेवढ्यात तो टेम्पोवाला मागून म्हणाला की पाहा, आपल्याच हातानं झालं ना काम. आता माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्यानं ते ऐकून घेतलं असतं. मला उत्तर उधार ठेवता येत नाही. अलमारी दोन्ही हातांत, पाय पुढे, आणि मी मान मागे वळवून त्याला सुनावायला तोंड उघडलं. पहिलाच शब्द निघाला आणि मानेपासून कमरेपर्यंत कोणीतरी पिळा घातल्यासारखं झालं. अलमारी शेजाऱ्यानं कशीबशी टेकवली. मला साडभाऊंनी सतरंजीवर टेकवलं, 'बैठो, पकडो' वगैरे म्हणून.

दुखणं पंधरा दिवसांत गेलं. दुःख त्याचं नाही. जावई आला तेव्हा मी जमिनीवर उताणा. आडव्या माणसाला नमस्कार करत नाहीत. तो बिचारा माझ्या पायांपाशी अवघडून उभा राहिला, आणि घरातल्या बायकांनीच त्याला वडीलधारे म्हणून ओसरीवरच्या साडभाऊंकडे वळवलं. माझं घर, माझी लेक, माझा जावई, आणि पहिला नमस्कार यांना. तोही का, तर यांनी एक टोक धरलं नाही म्हणून. ते आठ दिवस राहिले, मला कुशीवर वळवायचे, मानेखाली घडी केलेला टॉवेल ठेवायचे, लेकीच्या सासरच्यांचं सगळं त्यांनीच पाहिलं. ते मी नाकारत नाही. पण एकदा तरी त्यांनी म्हणावं की चुकलं, हात लावायला पाहिजे होता. तेवढं एक वाक्य मी पाच वर्षं त्यांच्याकडून काढायला पाहत होतो. मी भांड्यांच्या कारखानदाराला नमवलंय, पण हे नमले नाहीत.

या दिवाळीत आम्ही पुलगावला गेलो. यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आहे. कंबर शाबूत, मान ताठ, पण आयुष्यभर गुडघ्यातून बसून बसून गुडघेच संपले. भाऊबीज होती, त्यांची बहीण ओवाळायला आलेली, आणि आडव्या माणसाला ओवाळत नाहीत. बाजेवरून खुर्चीत बसवायचं होतं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझा जावई. त्यांनी झोपल्या झोपल्या वाटेतलं स्टूल बाजूला करायला लावलं, माझ्या चपला काढायला लावल्या, आणि बारीक आवाजात म्हणाले, "बैठो. पकडो. उठो."

आम्ही उचललं. अलमारीच्या तयारीनं मी जोर लावला होता. तो सगळा वाया गेला, इतके ते हलके झाले होते. आम्ही पाय वळवून निघालो, आणि अर्ध्या वाटेत माझ्या कानाशी ते म्हणाले, "त्या दिवशी मी एक टोक धराले पाह्यजे होतं. नमस्कार तुहाच होता."

मी तोंड उघडणार, तर त्यांनी डोळे वटारले. "तू नोको बोलू. ओझ्याले बोलाची मनाई नाई."

खुर्चीत बसवलं तेव्हा उत्तर देता आलं असतं. पाच वर्षं घोळवलेलं होतं. पण भाव न करता एकदम माल देऊन टाकणारा माणूस दुकान बंद करायच्या बेतात असतो, हे मला धंद्यानं शिकवलं आहे, आणि मला यांचं दुकान इतक्यात बंद व्हायला नको आहे. म्हणून मी म्हटलं, पुढच्या दिवाळीला माळा काढायचा आहे, तुम्ही आल्याशिवाय शिडी लावणार नाही. ते गिऱ्हाइकासारखे म्हणाले, "बायकोले विचारून सांगतो."

पायाखाली उशी द्यायची होती. मी कमरेतून वाकलो नाही, गुडघ्यातून बसलो, त्यांच्या देखत, त्यांना हवं तसं. उशी सरकवताना माझे हात त्यांच्या पावलांना लागले. आता ते बसलेले होते, त्यामुळे नमस्काराला हरकत नव्हती. मी हात लगेच काढले नाहीत.