सुजलेला गाल

ती घटना विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. इचलकरंजी भागात मी तपासावर होतो. एका यंत्रमाग कारखान्यातल्या मुकादमाचा भरदुपारी त्याच्याच खोलीत खून झाला. खबऱ्याने सांगितलं, आदल्या दिवशी एका कामगाराचं त्याच्याशी कडाक्याचं भांडण झालं होतं. कामगाराला उचललं, रिमांड घेतला.

दोन दिवस मी एकच विचारत होतो, "का मारलंस?" तिसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "व्हय साहेब, मीच मारलं." दंडाधिकाऱ्यांपुढे जबाब द्यायलाही तयार झाला. तिथं तसं बोलला असता, तर जन्मठेप ठरलेलीच. ठाण्यात चहा-भजी आली.

त्याच आठवड्यात एक मानसशास्त्रज्ञ बाई आम्हा अधिकाऱ्यांना चौकशी कशी करावी हे शिकवायला कोल्हापुरात आल्या होत्या. वरिष्ठांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. माझं डोकंच फिरलं. वीस वर्षं खाकी घातलेल्या माणसाला ही बाई काय शिकवणार! मी लिहून घेतलेला त्याचा जबाब त्यांनी वाचला आणि विचारलं, "तुम्ही आधी बोलला नव्हता असं काही यात त्याने स्वतःहून सांगितलंय का?"

मी जबाब पुन्हा चाळला. तशी एकही ओळ नव्हती.

मग त्या त्याच्यासमोर बसल्या. "दादा, त्या दिवशी उठल्यापासून सांगा. मी मध्ये बोलणार नाही." आणि खरंच बोलल्या नाहीत. तो अडखळत, थांबत सांगत राहिला. मी दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा बाईंनी हातानेच गप्प केलं.

"दाढ लई ठणकत हुती," तो म्हणाला. "म्हणून यष्टीनं कोल्हापुरात शाहूपुरीत गेलतो, दाताच्या डॉक्टरकडं. दुपारभर तितंच. काढली की दाढ."

त्याचा गाल सुजलाय, हे मी पहिल्या दिवसापासून बघत होतो. आमच्यातल्याच कुणीतरी हात उचलला असणार, असं धरून मी विचारलंच नव्हतं.

हवालदाराला शाहूपुरीला पिटाळलं. दवाखान्याच्या वहीत नाव होतं, वेळ होती. डॉक्टरांनी फोटोही ओळखला. खुनाच्या वेळी हा माणूस त्यांच्यासमोर आ वासून बसला होता.

"अरे, मग बोलला का नाहीस?" मी ओरडलोच.

"इचारलं कुठं साहेब? तुमी दोन दिस तेच म्हणताय. मलाबी वाटाय लागलं, रागाच्या भरात मीच मारलं असंल."

खरा खुनी शेवटपर्यंत सापडला नाही. त्याचा माग काढायचे दोन दिवस मी याच्यावर घालवले होते.

कोर्टाने सोडल्यावर तो ठाण्यात आला. हात जोडून हळूच म्हणाला, "साहेब, मी न्हाय मारलं, हे नक्की न्हवं?"

"नक्की," मी म्हणालो. तरी तो हलेना. मला पुन्हा सांगावं लागलं.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी कुणाचीही चौकशी 'का केलंस'पासून सुरू केली नाही. पण त्या माणसाची माफी मागायला हवी होती. अंगावर वर्दी होती, समोर हवालदार उभे होते. नाही मागितली. त्याची लाज आजही वाटते.